मेणाची जीभ

…नाही म्हणजे नाहीच मिळत हो जीभ! हात मिळतो, पाय मिळतो, डोळ्यांची जोडी मिळते, कान मिळतो, तोही डावा हवा की उजवा असं विचारून देतात, आख्खं घर मिळतं कौलांसकट... पण जीभ? अख्खी रांग पालथी घातली मी दुकानांची, एका कडेवर मूल, एका हातात सासूबाईंची तेलाच्या बाटलीची पिशवी, टाळूवर ऊन, आणि दर दुकानात तोच प्रश्न, जीभ आहे का हो, मेणाची? शेवटच्या दुकानातली म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, आणि हसून नव्हे हो, अगदी मनापासून म्हणाली, "जीब कोण घेता गो बाय? जीब सगळ्यांची बरी आसता."

आता बोला! म्हणजे आपलं म्हणायचं म्हणून, बोला. बोलण्याचाच तर सगळा वांधा आहे.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही कोण बाई भर उन्हात मेणाच्या जिभा शोधत हिंडते. मी सुविधा. माहेर कारापूर, साखळीजवळ. सासर पार्से, पेडणे तालुका. शिक्षण एम. ए. मराठी, आणि त्यात खास विषय कुठला घ्यावा माणसानं? शब्दांची व्युत्पत्ती. म्हणजे शब्द कुठून आला, त्याचं कूळ काय, मूळ काय, वाटेत कोणाकोणाच्या घरी जेवला. ह्या विद्येचा संसारात उपयोग शून्य, पण सवय लागली ती लागली. काळजी वाटली की लोक नखं खातात, मी कोश उघडते. आणि अशा बाईला मुलगी झाली, संजना, आमची संजू, आणि ती तीन वर्षं दोन महिन्यांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही. एक! 'आई' नाही, 'पाणी' नाही, अहो, 'नको' सुद्धा नाही, जो मुलं म्हणे पोटातूनच शिकून येतात.

कळतं सगळं. ऐकू तर असं येतं की फ्रिजचं दार स्वयंपाकघरात उघडलं तर ती अंगणातून येते. तपासून घेतले दोन्ही कान, दोन्ही उत्तम. पण बोलायचं म्हटलं की एकच, "अं." त्या 'अं'चे सात प्रकार मी वहीत लिहून ठेवलेत, भुकेचा 'अं', रागाचा 'अं', पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून पाव हवा असल्याचा 'अं'... आईच्या कपाटात शब्दांचे सहा खंड आणि लेकीजवळ एक अनुस्वार!

हसा, हसा. मी पण आधी हसायचे. मग शेजारच्या रुक्मिणीकाकींचा नातू, संजूपेक्षा दोन महिन्यांनी लहान, आमच्या बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, उभा राहून गणपतीची आरती म्हणून गेला, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, आणि काकी मला म्हणाल्या, तू काळजी करू नकोस हो. तुम्हाला ठाऊक आहे, 'काळजी करू नकोस' असं कोणी सांगितलं की समजावं, आता काळजीचं कारण बाहेरच्यांनाही दिसायला लागलं.

तर शब्द येतो कुठून? हा प्रश्न मी एम. ए.च्या पेपरात वीस गुणांना सोडवलाय. अठरा मिळाले होते.

सासूबाई म्हणायच्या, रुद्रेशसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. रुद्रेश म्हणजे माझा नवरा, तुये गावातल्या कारखान्यात आहे. मला शंका आहे की तो अजूनही सुरू झालेला नाही. "बोलेल," एवढंच म्हणतो. सकाळी "बोलेल", संध्याकाळी "बोलेल". वेखंड उगाळून चाटवून झालं, आधी मी स्वतः चाटून पाहिलं, माझीच जीभ बधिर होऊन बसली, तिनं मात्र मिटक्या मारल्या. मोबाइल बंद केला. टीव्हीवर टॉवेल घातला. मी गरोदरपणात गप्प गप्प असायचे, त्यानं झालं का? की फार बडबडले, त्यानं? दोन्ही बाजूंनी मीच दोषी ठरत होते, फक्त कलम बदलत होतं.

शेवटी म्हापशाच्या डॉक्टरबाईंनी पणजीच्या एका मॅडमचं नाव दिलं, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या. त्यांची तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. आणि तोवर घरचा अभ्यास दिला. रोज शरीराचे अवयव दाखवायचे, नाक कुठंय, कान कुठंय, तिनं बोट लावायचं, आपण नाव घ्यायचं, आणि एक अट, नीट ऐका हं, घरातल्या सगळ्यांनी एका अवयवाला एकच शब्द वापरायचा. पोर गोंधळता कामा नये.

एकच शब्द. आमच्या घरात!

तुम्हाला सांगते, त्या दिवसापर्यंत मला पत्ता नव्हता की आमच्या घरात माणसं चार आणि डोकी अकरा आहेत. सासूबाईंची 'तकली'. माझं 'डोकं'. रुद्रेश कारखान्यातला पिवळा टोप घालून आरशापुढे उभा राहतो तेव्हा 'हेड'. आणि आमची हौसा... हौसा म्हणजे मागच्या खोलीत राहते, गडहिंग्लजकडची, तिचा नवरा मारुती बांधकामावर गवंडी. मी सकाळी शाळेत शिकवायला जाते तेव्हा संजूला तीच बघते. हौसाचं 'टाळकं'. मान म्हणजे सासूबाईंची 'गोमटी', हौसाचं 'नरडं'. बेंबी म्हणजे 'बोमली'. आणि तोंड! तोंडाचं तर विचारूच नका. जेवताना 'तोंड', आधार कार्डावर 'चेहरा', आणि हौसा अंघोळ घालताना, इतक्या मायेनं, इतक्या मायेनं म्हणते, "ये माझी सोन्या, थोबाड धुवूया." थोबाड! माझ्या माहेरी थोबाड फक्त फोडण्यासाठी असतं, धुण्यासाठी नसतं!

मी म्हटलं, शास्त्रशुद्ध पद्धतीनं जाऊ. ज्या शब्दाचं कूळ चांगलं तो ठेवायचा, बाकीचे बाद. रात्रीचा स्वयंपाक रुद्रेशवर सोपवला आणि कोश काढले. आणि काय सांगू... सगळा उलटाच प्रकार. कोपर! ज्याला कोणी विचारत नाही, फार तर गूळ लावायला आठवतं, ते थेट संस्कृतातलं, कूर्पर. मान तशीच, मन्या. खांदा म्हणजे स्कंध, झाडाचं खोड जिथं फुटतं तेही स्कंधच. हौसाचं टाळकं हिणवलं मी, ते आपलं टाळूवरून आलेलं, चांगलं घरंदाज. आणि ज्याच्यावाचून एक दिवस चालत नाही ते पोट? ते डोळे? त्यांचं नातं तिकडं लागतच नाही, आमचे सर म्हणायचे हे देशी शब्द, इथल्याच मातीतले. थोबाडाचा बाप कोण, तो तर मला सापडलाच नाही, दोन कोश धुंडाळले. आणि काळीज... काळीज म्हणजे मूळ यकृत हो! कालेयक! म्हणजे लेकीकडे बघून माझं रोज जे काळीज तुटतं, ते कोशाप्रमाणे लिव्हर. बरं झालं डॉक्टरबाईंना सांगायला गेले नाही.

आणि मारायचं नाव वेगळं, लाडाचं वेगळं, देवापुढचं वेगळं. दुखतं ते डोकं, फिरतं ते टाळकं, टेकवायचं ते मस्तक, उडवायचं ते मुंडकं. अवयव एक, वस्तू एक, मानेवर बसलेली, आणि तिची नावं तिच्याशी आपलं आज कसं चाललंय त्यावर! कोणतं बाद करणार?

सासूबाई बाल्कांवावर पाय पसरून नारळ सोलत होत्या. माझी यादी त्यांनी ऐकून घेतली. शिकलेल्या सुनेचं सगळं ऐकून घ्यायचं आणि करायचं तेच करायचं, हा त्यांचा स्वभाव. मग म्हणाल्या, "तेका नाव कित्याक जाय गो? दुखता थंय हात आपसूक जाता."

नाव कशाला हवं म्हणे! ह्यावर कोश काय म्हणतो?

आणि संजू तिथंच बसली होती. नारळाची शेंडी सासूबाईंनी उपटली, खालचे तीन डोळे उघडे पडले, तर ह्या मुलीनं एक बोट नारळाच्या डोळ्यावर ठेवलं आणि एक स्वतःच्या. मग आजीच्या गुडघ्याच्या वाटीवर खोबऱ्याची वाटी पालथी घालून बघितली. बरोबर बसली. माझ्याकडं वळून म्हणाली, "अं."

आठवा प्रकार. मी वहीत लिहिला.

तरी मी ऐकलं का? नाही ऐकलं. मी तक्ता केला. फ्रिजवर लावला. डोकं, डोळा, नाक, कान, तोंड, मान, हात, पोट, गुडघा, पाय. दहा शब्द, दहा चित्रं, ह्याबाहेर कोणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी हौसा संजूला न्हाऊ घालत होती, "ये माझी सोन्या, थो..." म्हणाली आणि माझ्याकडं बघून थांबली. मग तिनं आठवून आठवून, परीक्षेला बसल्यासारखं, "त्वांड" म्हटलं. आणि मग पुढं काही बोललीच नाही. एरवी अख्खी अंघोळभर तिची टकळी चालू. त्या दिवशी नुसता पाण्याचा आवाज. सासूबाई 'बोमली' म्हणाल्या की जीभ चावायच्या. रुद्रेश तर काय, त्याला गप्प बसायला सरकारी परवाना मिळाला. चूक होईल ह्या भीतीनं एकेक माणूस मिटत गेलं हो... दोन आठवड्यांत आमच्या घरात एवढी शांतता झाली की रुक्मिणीकाकी कुंपणावरून विचारून गेल्या, भांडण झालं का म्हणून.

मुलगी बोलत नव्हती. आता घरही बोलेना. आणि आता तर संजूनं 'अं' म्हणणंही कमी केलं. दिवसाला मोजून चार. तारखेला पंचवीस दिवस होते. मी वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे, पोरांना वाटायचं बाई लिहितायत.

तर शब्द येतो कुठून? तुम्हीच सांगा. मला आता गुण नकोत, नुसतं उत्तर हवंय.

आणि अशात एका सकाळी सासूबाईंनी बॉम्ब टाकला. त्यांनी म्हणे गेल्या वर्षी म्हापशाच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, सायबिणीपुढं आंगवण केली होती. आंगवण म्हणजे नवस. मिलाग्र सायबीण म्हणजे त्या चर्चमधली देवमाता, शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं आमच्याकडं सगळे मानतात, हिंदू काय नि ख्रिस्ती काय, तेल घालायला सगळेच जातात. लईराई माझ्या माहेराकडची, सायबीण सासरच्या वाटेवरची, म्हणजे तसं बघितलं तर ओळख माझ्याकडूनच निघते. तर त्या फेस्ताला मेणाचे अवयव मिळतात. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि वाहायचं. गुडघा दुखतो तर पाय, नजर अधू तर डोळे. सासूबाई दरवर्षी पाय वाहतात, दरवर्षी गुडघा दुखतोच, पण त्या म्हणतात, न वाहता तर बघ! आणि गेल्या वर्षी त्या काय बोलल्या होत्या? नातीला वाचा फुटू दे, "तो अवयव" आणून वाहीन. कुठला, ते सांगितलंच नाही! सांगायचं राहिलं! म्हणजे एक वर्ष ती माऊली तिकडं वाट बघतेय कुठला म्हणून, आणि आम्ही इकडं वाट बघतोय कधी म्हणून.

माझा विश्वास आहे का? नाही. बिलकूल नाही. पण तुम्हाला सांगते, तीन वर्षं दोन महिने मूल बोललं नाही ना, की विश्वास आणि 'उगाच राहून जायला नको' ह्यांच्यात एक बोटाचंसुद्धा अंतर उरत नाही.

आणि मग ते ऊन, ती दुकानं, आणि जीभ नाही!

त्या शेवटच्या मेणवालीच्या पुढ्यात आमची सभा भरली. मागं माणसांचा रेटा, पुढं मेणाच्या तकल्या नि हातपाय मांडलेले. सासूबाईंचं मत गळा. आवाज गळ्यातूनच येतो ना? म्हातारीनं गळा काढून दाखवला, मला तो उलटा ठेवलेला पेला वाटला. मी रुद्रेशला फोन लावला, कान घेऊ का? तो म्हणाला, "कान चांगले आहेत." बरोबर होतं. चांगल्या अवयवाला कशाला दृष्ट लावा. हौसा बरोबर आली होती, तिनं संजूच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा तक्त्याबाहेरचं बोलली. "वैनी, टाळकंच घ्या. त्येच्यात इच्यार चाललाय म्हून गप हाय ती. रिकाम्या टाळक्याचीच बडबडत्यात."

चुकीचा अवयव वाहिला तर? परीक्षेत चुकीचा पर्याय निवडला की गुण कापतात, इथं काय कापतील? आणि अशा वेळी, ज्या विद्येचा संसारात उपयोग शून्य, ती नेमकी वर आली. वाणी चार, आम्हाला शिकवलेलं. परा, ती बेंबीत. पश्यंती हृदयात. मध्यमा कंठात. वैखरी तोंडात. शब्द बेंबीत उठतो, काळजाकडून जातो, गळ्यात चढतो आणि ओठांवर फुटतो! म्हणजे एक अवयव पुरणारच नाही. बेंबी हवी, काळीज हवं, गळा हवा, तोंड हवं, आणि हौसाच्या म्हणण्याप्रमाणे टाळकं. मी म्हातारीला म्हटलं, सगळं एकत्र असलेलं काही आहे का?

म्हातारीनं आख्खं मूल काढलं. मेणाचं. वीतभर. हात जोडलेले, डोळे मिटलेले, बेंबीसकट. दिलं माझ्या हातात, एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, एकदा पोटाकडं, आणि म्हणाली, बरें जातलें.

मला वाटलं, बरं होईल म्हणते, किती चांगली बाई! पाठीमागच्या दुकानात रुक्मिणीकाकी उभ्या होत्या, त्यांनीही मला बघून एवढा गोड चेहरा केला. मी म्हटलं आज सगळेच कसे चांगले!

मेणाचं आख्खं मूल कोण वाहतं, ते मला संध्याकाळी कळलं. ज्यांना मूल हवं असतं ते. किंवा होणार असतं ते. एम. ए. मराठी! आणि सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं, असं मी तरी समजत नाही. चाळीस वर्षं फेस्ताला जातायत त्या. नुसत्या पिशवीतून तेलाची बाटली काढत होत्या, खाली मान... खाली गोमटी घालून.

पण ते नंतर. आधी रांग. दीड तास. ते मूल मी संजूच्या हातात दिलं होतं, तिच्यासाठीच वाहायचं, तर तिचा हात लागू दे. त्या दीड तासात तिनं त्याला उताणं केलं, पालथं केलं, पदराखाली घेतलं, माझ्याच पदराखाली. त्याच्या बेंबीवर बोट ठेवलं. गुडघ्यावर ठेवलं. आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. मी बघत होते, हलले तर काही विस्कटेल असं वाटत होतं... सासूबाई बघत होत्या, हौसा बघत होती, आणि आम्ही तिघी एकमेकींकडं बघत नव्हतो.

पुढं पोचलो. तेल घातलं. तिथं वाहिलेल्या वस्तू गोळा करायला एक म्हातारे गृहस्थ होते, खूप भले, सकाळपासून उभे, पाय सुजलेले. त्यांनी हसून हात पुढं केला आणि संजूच्या हातातलं मूल घेतलं. घेतलं ते डोक्याला धरून. आता माणूस बाहुली उचलतो तशी, त्यांचा काय दोष!

आणि संजू बोलली.

"तेचां टाळकां सोड!"

बोलली म्हणजे काय, बेंबीच्या देठापासून. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी, चारी एका झटक्यात. घंटा वाजत होती ती बाजूला राहिली, पुढच्या दहा माणसांनी वळून पाहिलं, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चटकन सोडलं. तिनं खालच्या खाली झेललं, छातीशी धरलं आणि त्यांच्याकडं अशी बघत उभी राहिली, की मी... मी काय केलं सांगू? लेक तीन वर्षं दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलली, तर दुसऱ्या आया रडतील, पापे घेतील. माझ्या मनात आलं, शब्द हौसाचा, गडहिंग्लजचा. त्यावरचा 'आं' सासूबाईंचा, पेडण्याचा. आणि माझं? माझं काय आलं त्यात? मग कळलं. तो आवाज. तो चिडका, घाबरलेला, कोणी माझ्या वस्तूला हात लावू नका असा आवाज. तो माझा. अस्सल कारापूर.

मग रडले. भरपूर रडले. खालीच बसले. हौसा म्हणत होती, वैनी उठा, मागं रांग हाय, आणि स्वतःच डोळ्याला पदर.

सासूबाई तेवढ्या भानावर. त्या म्हणाल्या, वाचा फुटली, आता वाहूया, दे गो बाय ते मूल. दे? ती देतेय! "देवचंय नाय." दुसरं वाक्य. ओढलं तर तिसरं आलं, त्यात थोबाड होतं, ते मी सांगत नाही. देवाच्या दारात सासूबाई मूल मागतायत नि नात देत नाही, जिच्यासाठी नवस तीच नवसाच्या आड उभी! शेवटी त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीच सोडवलं. संजूच्या गालाला लांबूनच हात लावल्यासारखं करून म्हणाले, "व्हर गो. फुडल्या वर्सा हाड." ने म्हणे, पुढच्या वर्षी आण.

तर झालं असं, की नवस पावला, फेडायचा राहिला. आणि अवयव घरी.

मेण आहे हो ते! वैशाखातलं मेण! पहिल्या दुपारी नाक गेलं. मग एक कान. त्याला फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, तळायच्या बांगड्यांच्या डब्यावर, आणि संजू दर अर्ध्या तासानं दार उघडून बघते, थंड आहे का. फ्रिजवरचा माझा तक्ता तिनंच ओढून काढला, त्याला अंथरूण म्हणून. गावात विचारू नका. रुक्मिणीकाकींनी कैऱ्या आणून दिल्या, न मागता. कारखान्यात रुद्रेशचं अभिनंदन झालं, आणि हा माणूस काय म्हणाला असेल? "बोलेल"शिवाय दुसरा शब्द त्याला पहिल्यांदाच सुचला. "थँक्यू" म्हणून आला! सासूबाई म्हणतात, सायबिणीपुढं मूल नेलं नि परत आणलं, आता ती काय समजायची ती समजेल. म्हणजे त्या अजून आशेवर आहेत.

आणि संजू बोलतेय. सकाळी डोळा उघडल्यापासून. तकली, टाळकं, डोकं, तिन्ही चालतात तिला, आणि कुठं कुठलं ते तिला कोणी शिकवलं नाही. बाळाला झोपवायचं तर तकली. बाळ पडलं तर टाळकं. माझ्या मांडीवर ठेवायचं ते डोकं. जे मला दोन कोश घेऊन जमलं नाही ते ही बया अंगठा चोखत करतेय.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, सुटलीस, आता कसली तक्रार? थांबा. परवा दुपारी ती त्याला घेऊन माझ्यापुढं आली. गरमीनं त्याचे ओठ सुटले होते, तोंड उघडं पडलेलं. तिनं आत बोट घालून बघितलं आणि मला म्हणाली, "आई, हेका जीब ना."

बावीस दुकानं हिंडलेली बाई मी! काय करणार? देवघरातल्या मेणबत्तीचा तुकडा घेतला, तळहातावर मळला, चपटा केला, आणि लावली जीभ. मीच. हातानं. संजूनं बघितली, मान डोलावली, त्याला पुढ्यात बसवलं आणि ते बोलायची वाट बघत राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग कपाळाला आठी घालून, अगदी माझीच आठी हो, मला विचारलं, "आई, हें कित्याक उलयना?"

मी म्हटलं, "बोलेल."

तुम्हाला सांगते, मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते. पण तोवर म्हणून झालं होतं. आणि तेव्हापासून रोज तेच. ती त्याला नाक कुठंय विचारते, ज्याला नाक नाही त्याला. चुकीचं बोलू नका म्हणून आजीला दटावते. काल वेखंड मागत होती. आणि वहीत, माझ्या वहीत, सात 'अं' आणि एक आठवा, त्याखाली तिनं रेघोट्या ओढल्यात, बाळ काही म्हणालं का त्याची नोंद.

आज पणजीच्या मॅडमकडून फोन आला, गुरुवारची वेळ पक्की का म्हणून. मी सांगणारच होते की आता गरज नाही, आभारी आहे. संजूनं फोनला हात धरला, बाळ पुढं केलं नि मान जोरजोरात हलवली. तर शब्द येतो कुठून, मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून आला तो "येतो" असा आला.

पलीकडून विचारलं, पेशंटचं वय?

मी म्हटलं, तीन आठवडे. जीभ लावून दोन दिवस.